पाण्यातला राक्षस आणि आपली बोट

आज तुम्हाला एका राक्षसाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट जुनी आहे, पण ती आपल्या नर्मदेच्या काठापर्यंत येते. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आपल्या जुन्या ग्रंथांत समुद्रातल्या एका प्रचंड माशाचे नाव येते, ‘तिमिंगिल’. तिमी हाच मुळी मोठा मासा. त्याला जो गिळतो तो तिमिंगिल. त्यालाही गिळणारा आणखी एक असतो, असे सांगायचे. समुद्रावर जाणारे व्यापारी आणि खलाशी या माशाला फार भीत. अख्खे जहाज माणसांसकट त्याच्या तोंडात जाते, अशी कथा होती.

ही नुसती तोंडी कथा नाही. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत नावाचे गाव आहे. तिथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला बौद्ध स्तूप होता. त्याच्या कठड्याच्या एका दगडावर हे दृश्य कोरलेले आहे. मोठा मासा जबडा उघडून आहे आणि माणसांनी भरलेली होडी त्यात ओढली जाते आहे. वसुगुप्त नावाचा माणूस या माशाच्या पोटातून सुटला, असे तिथे ब्राह्मी लिपीत लिहिले आहे. तो दगड आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. विचार करा, भारहूतपासून समुद्र किती लांब! तरीही समुद्राची भीती तिथल्या दगडापर्यंत पोचली होती.

अशी भीती फक्त आपल्याकडे होती असेही नाही. युरोपात नॉर्वे नावाचा देश आहे. तिथले खलाशी ‘क्राकेन’ नावाच्या राक्षसाला भीत. तो पाण्यावर आला की बेट वर आल्यासारखे वाटते, असे ते सांगत. १७५० च्या सुमारास तिथल्या एका बिशपने, म्हणजे मोठ्या धर्मगुरूने, आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा खोल समुद्रात एक महाकाय माकूळ खरोखर राहते असे ठरले. माकूळ म्हणजे कोकणातल्या बाजारात मिळते तो मऊ अंगाचा, लांब हातांचा प्राणी. ही मोठी जात दहा-बारा मीटरपर्यंत वाढते. पण ती जहाजे बुडवत नाही. म्हणजे प्राणी खरा निघाला, राक्षस नाही.

मग जहाजे बुडत होती ती कशाने? याचे एक उत्तर आपल्याच नदीच्या तोंडाशी सापडते.

आपल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या कडेने नर्मदा ५४ किलोमीटर वाहते. तिथून पुढे गुजरातेत जाऊन ती भरूचजवळ समुद्राला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वी भरूच हे पश्चिम किनाऱ्यावरचे फार मोठे बंदर होते. पैठण आणि तेर इथला माल बैलगाड्यांतून तिथे जाई. त्या काळात इजिप्तमधून आलेल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापाऱ्याने प्रवासाची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखले जाते.

त्यात भरूचच्या समुद्राचे वर्णन आहे. पाण्यात हिरवे-सोनेरी साप दिसू लागले की भरूच जवळ आले असे समजावे, असे तो लिहितो. पण त्याला साप मोठा धोका वाटत नाही. त्याला भीती वाटते ती भरतीची. अमावस्येच्या सुमाराला पाणी असे चढते, की लांबून सैन्याची आरोळी ऐकू यावी तसा आवाज येतो, आणि मग उथळ रेतीवर पाणी धाव घेते. नदीच्या तोंडाशी गाळ आहे, वाट अरुंद आहे. नवख्या माणसाचे जहाज तिथे आडवे होते. आजही खंभातच्या आखातात भावनगरजवळ भरतीचे पाणी दहा मीटरच्या आसपास चढते. दहा मीटर म्हणजे तीन मजली घर. असे पाणी रात्रीच्या अंधारात अंगावर आले, तर त्याला जबडा नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

आता खरी महत्त्वाची गोष्ट ऐका. यावर उपाय काय केला, तेही तो व्यापारी लिहितो. राजाने स्थानिक कोळ्यांना कामाला ठेवले होते. ते मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात, जहाजाला गाठत आणि वाट दाखवत आत आणत. भरती सुरू झाली की पुढे निघायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी थांबायचे. राक्षसाला नवस केला असेल-नसेल, पण जहाज वाचवले ते पाणी ओळखणाऱ्या माणसांनी. आणि त्यांना कामाला ठेवण्याची जबाबदारी राजाने घेतली होती.

त्या राजाचे नाव नहपान असे मानतात. त्याची मुलगी दक्षमित्रा आणि जावई उषवदात यांचे लेख नाशिकच्या पांडवलेणीत आहेत. उषवदाताच्या लेखात लिहिले आहे, की त्याने तापी, दमण, पारदा अशा सहा नद्यांवर फुकट नावेची सोय केली आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याची व पिण्याच्या पाण्याची सोय केली. तापी म्हणजे आपल्या प्रकाशाजवळून वाहते तीच. नदी ओलांडायला धड नाव मिळावी, हे १९०० वर्षांपूर्वी दगडावर कोरण्याइतके मोठे पुण्यकर्म होते.

पाण्याजवळ राहणाऱ्यांची रीत आणखी एक. लांबून येणारा खलाशी प्राण्याला राक्षस म्हणतो, काठावरचा माणूस त्याला देव म्हणतो. नवापूरच्या पलीकडे सोनगड भागात गामीत, वसावा, चौधरी बांधव लाकडी मगरदेवाची पूजा करतात. नर्मदामाईचे वाहनही मकर आहे. भीती आहे, पण तिच्यात मान आहे. मगर जिथे राहते तिथे कसे वागायचे, मुलांना कुठे उतरू द्यायचे नाही, हे त्या मानामुळे घराघरात शिकवले जाते.

पण मैत्रिणींनो, आपली नर्मदा आता बदलली आहे. सरदार सरोवराचे पाणी वर चढले आणि वाहती नदी खोल तलाव झाली. जिथे आपण चालत जात होतो तिथे आता बोटीने जावे लागते. जुन्या पाण्याचे ज्ञान होते. या पाण्याचे ज्ञान आपल्याला नव्याने मिळवावे लागते आहे.

१५ जानेवारी २०१९. मकरसंक्रांतीचा दिवस. धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेवर गेलेल्या लोकांची बोट उलटली. बोटीत साठच्या आसपास माणसे होती. किमान सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. मगरीने ओढले नाही, तिमिंगिलाने गिळले नाही. माणसे जास्त होती आणि पाणी खोल होते.

याच पाण्यावरची दुसरी गोष्टही सांगते. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने लोक अंगणवाडीत येईनासे झाले. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडीताई स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. रोजचे अंतर अठरा किलोमीटर. गरोदर बायांना आणि बाळांना आहार पोचला पाहिजे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. भरूचचे ते कोळी आणि या ताई, दोघांचा गुण एकच. पाण्याची भीती होती, पण पाण्याची ओळखही करून घेतली.

म्हणून आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या घाटावरच्या बोटीत किती माणसे बसू शकतात? तो आकडा बोटीवर रंगवलेला आहे का? लाइफ जॅकेट आहेत का, आणि मुलांच्या मापाची आहेत का? वारा सुटल्यावर बोट थांबवायची की नाही, हे कोण ठरवते? उत्तरे मिळाली नाहीत तर ठराव करा आणि ग्रामसभेत मांडा. आणि बोट भरलेली दिसली तर सणाचा दिवस असला तरी मुलाचा हात धरून काठावर थांबा. दुसऱ्या फेरीला जाऊ, म्हणा. उशीर झाला तरी चालेल.

राक्षसाची गोष्ट मुलांना जरूर सांगा, त्यांना ती आवडेल. पण ती सांगून झाल्यावर बोट कशाने बुडते, तेही सांगा.