ईआरपी-स्थलांतर : वेळेचा निर्णय (मीरा-भाईंदर)

ईआरपी-स्थलांतर : उद्योगाचे हिशेब, माल, खरेदी-विक्री, उत्पादन आणि पगार एकाच माहितीसाठ्यावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. हे नाव गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९० मध्ये रूढ केले. जुन्या प्रणालीतली माहिती, कामाच्या सवयी आणि माणसे नव्या प्रणालीत नेणे म्हणजे स्थलांतर. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर विक्रेते तासन्‌तास बोलतात. कधी घ्यावे यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि फटका बहुधा तिथेच बसतो. ही नोंद मीरा-भाईंदरमधील लघुउद्योगांच्या, विशेषतः भाईंदर पूर्वेच्या स्टेनलेस स्टील भांड्यांच्या गाळ्यांच्या अंगाने केली आहे.

वसई खाडीच्या दक्षिणेला, मिठागरे आणि शेतीच्या जमिनीवर वाढलेले हे शहर. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारा, दाबयंत्रावर घडवणारा आणि पॉलिश करणारा असे वेगवेगळे गाळे एकमेकांवर अवलंबून चालतात. गाळ्यात ‘ईआरपी’ हा शब्द क्वचित ऐकू येतो. ‘टॅली’ म्हणतात किंवा नुसते ‘सॉफ्टवेअर’. गंमत अशी की, टॅलीने २००९ मध्ये ‘टॅली.ईआरपी ९’ म्हणून हा शब्द नावात घेतला आणि २०२० मध्ये ‘टॅलीप्राइम’ करताना काढूनही टाकला.

इथल्या स्थलांतरांचा इतिहास पाहिला तर तो करांचा इतिहास वाटतो. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला. २०१० मध्ये जकातीऐवजी स्थानिक संस्था कर (एलबीटी) लागू झाला तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या महापालिकांत मीरा-भाईंदर होती. मुंबई-ठाण्याचे व्यापारी अजून नाक्यावर जकात भरत होते आणि इथला कारकून बिलावर एलबीटीचा रकाना कुठे बसवायचा ते शोधत होता. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटीने हे सगळेच पुसले. बारा वर्षांत चार वेळा बिलाचा साचा बदलला. प्रत्येक वेळी सरकारने ठरवलेल्या तारखेला, घाईत, आहे त्याच प्रणालीला ठिगळ लावून काम भागवले गेले. या सवयीमुळे आजही गाळेमालक स्थलांतराचा विचार करतो तो सरकारी परिपत्रक हातात पडल्यावर.

ठिगळ आणि स्थलांतर यांतला फरक अलीकडेच चांगला दिसला. जीएसटी परिषदेचा दरकपातीचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झाला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. स्टीलची भांडी १२ टक्क्यांवरून ५ वर आली. मधे एकोणीस दिवस. ज्या प्रणालीत कराचा दर तारखेनुसार मास्टरमध्ये राहतो तिथे हे काम चहा संपेपर्यंत होते. ज्या प्रणालीत दर प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो तिथे प्रोग्रामरला बोलवावे लागते, आणि तो नालासोपाऱ्याहून येईपर्यंत बिले हाताने फाडावी लागतात. दर बदलल्यावर आपल्याकडे काय झाले, एवढा एकच प्रश्न जुन्या प्रणालीचे वय सांगायला पुरतो.

पण त्याच बदलाने दुसरे एक काम वाढवले. स्टीलचा पत्रा १८ टक्क्यांत राहिला. खरेदीवर १८, विक्रीवर ५. मधला कर साचत जातो आणि तो परताव्याने मागावा लागतो. आधीही फरक होता, आता तो रुंदावला. परताव्यासाठी खरेदीचे प्रत्येक बिल पोर्टलवरच्या २बी विवरणाशी जुळावे लागते. अडकलेली रक्कम हे खेळते भांडवल असते, म्हणून ही जुळवणी हाताने करण्यात महिन्याचे किती दिवस जातात ते मोजावे. स्थलांतराचे हे कारण गाळ्याच्या आतून आलेले आहे, म्हणून परिपत्रकापेक्षा भरवशाचे.

निर्णय अवघड का होतो हे एका गाळ्यात उभे राहिल्यावर कळते. चौकोनी पत्र्यातून गोल चकती कापायची; तिला इथे सर्कल म्हणतात. सर्कल पत्र्याच्या कडांना टेकेल अशी काढली तरी भूमितीच्या हिशेबाने ७८.५ टक्के पत्रा सर्कलमध्ये जातो, उरलेले २१.५ टक्के कात्रण. म्हणजे १०० किलोतून साडेअठ्ठ्याहत्तर किलो सर्कल. रांगा एकाआड एक सरकवून कापल्या तर कात्रण कमी होते, आणि कारागिराची कमाई त्या हातात असते. सर्कल वजनाने दुसऱ्या गाळ्यात जॉबवर्कला जातात, तिथे त्यांचे डबे होतात, काठ छाटला जातो, पॉलिशमध्ये थोडी घट येते. परत येताना चलनावर किलोही असतात आणि नगही. कात्रण भंगारवाल्याकडे वेगळ्या भावाने जाते.

हे सगळे फॉक्सप्रो या जुन्या माहितीसाठा-सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये असते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी ‘घट’ नावाचा रकाना टाकला, नंतर कोणीतरी भंगाराचा. पडदा निळा, अक्षरे पांढरी, माउस चालत नाही. पण जॉबवर्करकडे आपला किती किलो माल पडून आहे ते दोन कळा दाबल्यावर दिसते. नव्या तयार ईआरपीत एका नगाला किती माल लागतो हे आधी भरावे लागते आणि कात्रण उपउत्पादन म्हणून वेगळे दाखवावे लागते. ते भरायचे राहिले की कागदावर पत्रा वाढत जातो आणि गाळ्यात मात्र जागा रिकामी दिसते. जर्मनीच्या लिड्ल या किराणा साखळीने सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च करून २०१८ मध्ये सॅप या ईआरपी-कंपनीच्या प्रणालीचा प्रकल्प सोडून दिला. त्यात बहुचर्चित ठरलेला मुद्दा असाच होता : कंपनी मालाचे मोल खरेदीच्या किमतीने धरत होती आणि प्रणालीची मूळ घडण विक्रीच्या किमतीवर होती. भाईंदरचा ‘घट’ रकाना आणि लिड्लची खरेदी किंमत यांत आकाराचा फरक सोडला तर फार अंतर नाही.

बाहेरून लादलेल्या मुदती दोन प्रकारच्या असतात. एक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची. मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असे सांगितले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचा आधारही थांबवला. तरी प्रोग्राम चालतच राहिले. डॉसवरचा फॉक्सप्रो ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच आहे. ३२ बिटांच्या विंडोज १० वर तो कसाबसा चालायचा, त्या विंडोजचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अशा गाळ्यांत संगणक बिघडला की स्थलांतर, असा अलिखित नियम झाला आहे. तो सर्वांत वाईट मुहूर्त, कारण तेव्हा माहिती बाहेर काढायला चालू यंत्रच उरत नाही. मोठ्या कंपन्यांत हाच ताण सॅपच्या ईसीसी या जुन्या प्रणालीवर आहे : फेब्रुवारी २०२० मध्ये सॅपने मुख्य आधाराची मुदत २०२५ ऐवजी २०२७ अखेरपर्यंत नेली, जादा पैसे भरून २०३० पर्यंत. ही मुदत भाईंदरच्या गाळ्याला थेट लागू नाही. मात्र ज्यांना तो माल पुरवतो त्या कंपन्या प्रणाली बदलतात तेव्हा खरेदी-आदेशाचे क्रमांक, पुरवठादाराचे संकेतांक आणि बिल पाठवायची रीत बदलते, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे अडकतात.

दुसरी मुदत सरकारची, आणि इथे घाबरवण्याचा धंदा जोरात चालतो. ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झाला आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आला. १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवावे लागते. उलाढाल यांपैकी एखाद्या उंबरठ्याजवळ येत असेल तर तो ओलांडण्याच्या आधीचे वर्ष स्थलांतराला योग्य. मात्र नोंदींतील बदलांचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर सक्तीचे करणारा १ एप्रिल २०२३ चा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. तो प्रोप्रायटरी आणि भागीदारी पेढ्यांना लागू होत नाही, आणि इथले बरेच गाळे तसेच आहेत. त्या नियमाचा धाक दाखवून विकलेली प्रणाली कदाचित चांगलीही असेल, पण ती घेण्याची वेळ त्या नियमाने ठरत नाही.

तारखेचा प्रश्न आला की १ एप्रिल हे ठरलेले उत्तर मिळते. नवे आर्थिक वर्ष, नवी बिलमालिका, स्वच्छ सुरुवातीची शिल्लक. हिशेबनिसाला ते सोयीचे. पण मार्चअखेरीस तोच हिशेबनीस सर्वांत थकलेला असतो, आणि लग्नसराईचा माल दारात उभा असतो. कायद्याने १ एप्रिलच हवा असे काही नाही. बिलांचे क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात दुबार न येणारे असावेत एवढीच अट आहे. उपसर्ग बदलून मधल्या एखाद्या महिन्याच्या १ तारखेला नवी मालिका सुरू करता येते. ११ आणि २० या विवरणपत्रांच्या तारखा सांभाळल्या की झाले. भांड्यांच्या धंद्यात पावसाळ्याचे सुरुवातीचे आठवडे त्यातल्या त्यात मोकळे. गणपतीनंतर दिवाळीचा माल सुरू होतो आणि धनत्रयोदशीला लोक भांडे घेतातच. त्या दोन महिन्यांत प्रणालीला हात लावणे म्हणजे पायावर धोंडा. अमेरिकेच्या हर्शी या चॉकलेट कंपनीने नेमके हेच केले. ४८ महिन्यांचे म्हणून सांगितलेले काम ३० महिन्यांत बसवले, एप्रिल १९९९ ची तारीख हुकली, आणि जुलैत, हॅलोवीनच्या मागणीच्या तोंडावर, ११.२ कोटी डॉलरची नवी प्रणाली सुरू केली. कोठारात माल पडून होता आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेत पोचल्या नाहीत. तिथली हॅलोवीन, इथली धनत्रयोदशी.

एवढे झाल्यावरही खरी तारीख ठरते ती मालाच्या मोजणीवर. जुन्या प्रणालीतली आयटमची यादी छापून घेतली की ‘डबा ८’, ‘डब्बा नं ८ २४ गेज’ आणि ‘८ नं. डबा झाकणासह’ अशा तीन नावांनी एकच वस्तू सापडते; एका नावाखाली शिल्लक उणे, दुसऱ्याखाली गरजेपेक्षा जास्त. तीन कारकून तीन काळात आले, प्रत्येकाने आपले नाव दिले. जॉबवर्करकडच्या मालाचे तसेच. पाठवलेला कच्चा माल एक वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच त्याची विक्री झाली असे धरून कर लागतो. तरी चारदोन चलने वर्षानुवर्षे उघडी राहिलेली असतात. एखाद्या रविवारी प्रेस बंद ठेवून, वजनकाटा मधे ओढून, सर्कल, अर्धा तयार आणि तयार माल वेगवेगळा तोलावा. मग सोमवारी जॉबवर्करांच्या गाळ्यांत जाऊन तेच करावे; हे काम फोनवर उरकत नाही. कागद आणि काटा यांत फरक का पडला हे मालक आणि कारकून दोघांनाही सांगता आले, अशा दोन मोजण्या लागोपाठ झाल्या, की गाळा स्थलांतराला तयार. सांगता आले नाही तर सरकारी मुदत उद्यावर असली तरी त्या मुदतीपुरते ठिगळ लावावे आणि स्थलांतर पुढच्या पावसाळ्यावर टाकावे. प्रस्तुत नोंदकाराचे मत असे की, इथली बहुतेक फसलेली स्थलांतरे सॉफ्टवेअर चुकल्याने फसत नाहीत. चुकीची शिल्लक नव्या पेटीत भरल्याने फसतात, आणि दोष पेटीला मिळतो.

जुनी व नवी प्रणाली काही काळ शेजारी-शेजारी चालवावी असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन माणसांच्या कचेरीत तो महिनाभरही टिकत नाही : दुसऱ्या आठवड्यात एक नोंद मागे पडते, तिसऱ्यात कोणती खरी यावर वाद होतो. त्यापेक्षा मागच्या एका पूर्ण महिन्याची सगळी बिले आणि चलने नव्या प्रणालीत आधी भरून पाहावीत, आणि अखेरची शिल्लक, येणे-देणे व कराची रक्कम जुन्याशी ताडून पाहावी. टॅली.ईआरपी ९ वरून टॅलीप्राइमकडे जाणाऱ्यांची माहिती तशी सहज उघडते; अडते ते खास लिहून घेतलेल्या टीडीएलमध्ये, म्हणजे चलनाच्या छापील नमुन्यात आणि घटीच्या हिशेबात. त्याची चाचणी याच महिन्यावर होऊन जाते.

जुनी प्रणाली लगेच विसर्जित करता येत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपन्यांना कंपनी कायद्याखाली आठ वर्षे. आणि ते मागितल्यावर वाचता यावे लागतात. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली एक्सेलमध्ये उतरवून ठेवल्या तर आकडे राहतात, पण चलनाचा छापील नमुना जातो. म्हणून नवी प्रणाली रुळल्यावरही जुना संगणक गाळ्याच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या कापडाखाली, शाईसंपल्या डॉटमॅट्रिक्स प्रिंटरशेजारी जपून ठेवावा आणि महिन्यातून एकदा चालू करून पाहावा.