शेवटचे तीस मीटर

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये, आणि १९७३ पासून ते सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागलं. पुणेकरांची चंगळ झाली! शिरूर, दौंड मात्र गडापासून सरळ रेषेतही ८० किलोमीटरच्या पुढे. म्हणून आमच्या दौंडच्या मामांसारखी मंडळी गच्चीवर उंच पाइप उभा करून त्याच्या टोकाला अँटेना बांधायची.

गंमत बघा, सिग्नल एवढा लांबून हवेतून यायचा आणि उरलासुरला जीव जायचा तो घरातल्या वायरीत. त्या फ्रिक्वेन्सीला साधी आरजी-५९ केबल तीसेक मीटरमध्ये निम्मी ताकद खाते. मामांनी तर 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून जादा वायरीचं भलंमोठं वेटोळं टीव्हीमागे ठेवलेलं. वर बूस्टरही तिथेच! म्हणजे सिग्नल वायरीत दमणार आणि मग बूस्टर त्याच्यासकट मुंग्याही मोठ्या करणार. शेवटी बूस्टर पाइपवर चढवला, वेटोळं कापलं, तेव्हा कुठे बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा दिसला.

आताच्या एचडीएमआयचं चित्र हळूहळू धूसर होत जात नाही. चित्र झकास, नाहीतर चमकते ठिपके किंवा पडदा थेट काळा. ४के साठी साधी केबल पाचेक मीटरच्या आतच बरी. हे सगळं माहीत असून मी गेल्या शनिवारी पंधरा मीटरची आणली. 'असू दे' म्हणून! आता परत करायला निघालोय.