अमरांना दगड कशाला?

फँटसी कादंबऱ्यांतले अमर लोक पुतळे का घडवत असतील? ज्याला मरणच नाही, त्याला स्मारक कशाला? मला याचं उत्तर सापडलं ते बोरिवलीजवळच्या एक्सरमध्ये. आमच्या पामहून बोईसर गाठायचं आणि गाडी पकडायची, एवढंच.

एक्सरचे वीरगळ शिलाहारकाळातले. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या थरांत लढाई. इथे काही दगडांवर चक्क वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातलं युद्ध. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलोक. म्हणजे वीर तिथे अमर झालेलाच आहे. मग दगड कोणासाठी? खाली राहिलेल्यांसाठी. विसर पडतो तो मागे उरलेल्यांना.

आता सात चिरंजीवांतला अश्वत्थामा घ्या. सगळे गेले, हा मागे उरला. आपल्या आठवणींना निदान आपल्या मरणाची मुदत असते. त्याला तीही नाही. हजारो वर्षांत आईचा चेहरासुद्धा पुसट होणार. असा माणूस छिन्नी हातात घेईल, तेव्हा स्वतःला घडवणार नाही. तो मरून गेलेल्या कुणाचा तरी चेहरा शोधत बसेल.