एका दिवसाचा खर्च : सन त्झू आणि छांगपिंगची लढाई

सन त्झूचं नाव हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांत फार ऐकू येतं. त्याची दोन-चार वाक्यं भिंतीवर लावली, की झालं आपलं काम! मला मात्र हा ग्रंथ मुळात हिशेबाचा वाटतो. 13 प्रकरणांचं लहानसं पुस्तक. परंपरा त्याचा कर्ता इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातला मानते. बरेच अभ्यासक ग्रंथाला नंतरच्या, म्हणजे चीनमधली सात राज्यं आपसांत झुंजत होती त्या काळात आणतात. त्या वादात आज शिरत नाही.

तर हिशेब असा. एक लाखाची फौज मोहिमेवर काढायची, तर रोजचा खर्च एक हजार सुवर्ण. शिवाय सात लाख कुटुंबांची शेती विस्कटते. हे सात लाख कुठून आले? पुढे त्साओ त्साओ या सेनानीनं ग्रंथावर टीका लिहिली, तिच्यात उलगडा आहे. आठ घरांपैकी एका घरचा माणूस लढायला गेला, की उरलेल्या सात घरांनी त्याला पोसायचं. एक लाख गुणिले सात. आता बघा, युद्ध लांबवू नये, तटबंदीवरचा हल्ला हा अगदी शेवटचा उपाय, शत्रूचा बेतच उधळावा, ही सगळी तत्त्वं या गुणाकारातून निघतात. आणि हा आकडा येतो कुठे, तर हेरांवरच्या शेवटच्या प्रकरणात! हेराला पैसे देताना जो हात आखडतो, तो सन त्झूच्या लेखी निर्दय ठरतो. निर्दय कुणाशी? आपल्याच प्रजेशी.

आता इसवी सनपूर्व 260. छिन आणि झाओ ही दोन राज्यं छांगपिंगला समोरासमोर उभी आहेत. झाओचा म्हातारा सेनापती लिअन पो तटबंदीमागे बसून राहिला. कितीही डिवचलं तरी बाहेर येईना. तेव्हा छिनचा प्रधान फान सुई यानं झाओमध्ये पैसे पेरून अफवा उठवली, की छिनला धास्ती आहे ती फक्त तरुण झाओ कुओची. इतिहासकार सिमा छ्येन रक्कम देतो : एक हजार सुवर्ण. म्हणजे सन त्झूच्या हिशेबानं फौजेचा एका दिवसाचा खर्च! आकडा अलंकारिक असेलही, पण शत्रूचा सेनापती बदलायला तेवढा पुरला.

हा झाओ कुओ लहानपणापासून युद्धशास्त्र घोकलेला. वादात बापालाही हार जात नसे, आणि बाप झाओ शे हा नावाजलेला सेनानी, बरं का! पण बापच म्हणे, युद्ध हा मरणाचा मामला, आणि हा त्यावर किती सहज बोलतो. आईनं राजाला विनवलं, याला पाठवू नका. नवरा राजानं दिलेलं इनाम सैनिकांत वाटून टाकायचा, मुलगा ते घरी आणतो आणि जमिनी-घरं शोधत हिंडतो. मंत्री लिन श्यांगरू म्हणाला, हा म्हणजे वाद्याच्या घोड्या चिकटवून टाकून वाजवायला बसलाय. राजानं कुणाचंच ऐकलं नाही. तेव्हा आईनं एवढंच मागितलं, की तो हरला तर मला शिक्षा नको. राजा कबूल झाला.

छिननंही गुपचूप सेनापती बदलला आणि बाय चीला पाठवलं. कुओ तटबंदी सोडून बाहेर पडला. बाय चीनं माघारीचं नाटक केलं, फौजेचे दोन तुकडे केले, रसद तोडली. 46 दिवस उपासमार झाली. कुओ बाणांनी मेला, फौज शरण आली. सिमा छ्येन सांगतो, चार लाखांना मारून पुरलं, वयानं लहान अशा 240 जणांना तेवढं परत पाठवलं. संख्येबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण 1995 मध्ये शान्शी प्रांतात गाओपिंगजवळ योंगलू इथे हाडांनी भरलेला खड्डा उकरला गेला.

म्हणजे छिन जिंकला? एवढ्या विजयासाठी छिनच्या राजानं स्वतः जाऊन 15 वर्षांवरची मुलंसुद्धा रणात ढकलली होती. पुढे राजानं झाओच्या राजधानीवर, हान्दानवर, चाल करायला सांगितलं, तेव्हा बाय चीच नको म्हणाला. आपली निम्म्याहून जास्त माणसं मेलीत, देश रिकामा झालाय, हे त्याचं कारण. राजानं दुसऱ्यांना पाठवलं. मोहीम फसली.

कुओच्या आईला दिलेला शब्द झाओच्या राजानं पाळला. आणि बाय चीला त्याच्या राजानं तलवार पाठवली, स्वतःला संपवण्यासाठी. माझा अपराध तरी काय, असं तो आधी म्हणाला म्हणे. मग छांगपिंगच्या शरणागतांची आठवण काढून त्यानं ती तलवार उचलली.