गंज पेठेतील एक हौद

पुण्याच्या दुपारच्या विश्रांतीची थट्टा पुष्कळांनी केली आहे. परंतु जुने शहर सावकाश पाहावयाचे असेल, तर हीच वेळ साधावी. दुकाने मिटलेली असतात, वर्दळ ओसरलेली असते, आणि एरवी लक्षात न येणारी नावे डोळ्यांत भरतात. कसब्याकडून निघालेल्या मनुष्यास फडके हौद हा चौक लागतो. सदाशिव पेठेतही हौदाचे नाव असेच रूढ आहे. या शहरात ठिकाणांस हौदांची नावे इतकी का पडावी?

याचे उत्तर कात्रजला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तेथे तलाव बांधविला आणि जमिनीखालील बांधीव नळातून सुमारे दहा किलोमीटरांवरील शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणविले. यंत्राचे साहाय्य मुळीच नव्हते. केवळ भूमीच्या उताराने ते वाहत येई. नळावर जागोजागी उच्छ्वास ठेविलेले होते, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. या योजनेची वाखाणणी करावी तेवढी थोडीच.

पाणी उताराने येई. ते कोणी भरावे हे मात्र जात ठरवी. अस्पृश्य गणलेल्या बाईने घागर घेऊन दूर उभे राहावे, आणि कोणा सवर्णाच्या मनात आले तर वरून ओतलेले पाणी घ्यावे, असा रिवाज होता. उन्हाळ्यात हे तिष्ठणे किती लांबत असेल, याचे दप्तर कोण ठेवणार?

येथून आग्नेयेस वळून गंज पेठेत शिरावे. आता या पेठेस महात्मा फुले यांचे नाव आहे. तेथील त्यांचे कौलारू घर स्मारक म्हणून राखलेले आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. शहरातील हौदांवर त्यांची सत्ता नव्हती. १८७६ साली ते नगरपालिकेचे सभासद झाले, तेही पुढे. जो एक हौद त्यांच्या हातचा होता, तो त्यांनी मोकळा केला. अशा कृत्याचे मोल काय पडते, हे ते जाणून होते. शाळेच्या कामापायी १८४९ साली सावित्रीबाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले होते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, ते २० मार्च १९२७ रोजी. गंज पेठेतील हौद खुला झाल्यास तेव्हा ५९ वर्षे लोटली होती.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. घराच्या आवारातच तुळशीवृंदावनापाशी त्यांची समाधी आहे. फडके हौदापासून तेथवर सावकाश चालत गेले, तरी वाट फार लांबची नाही.