चेहरा नसलेले जोडपे

झाडांमधून फिरणारे जोडपे हा अठराव्या शतकात व्यक्तिचित्राचाच एक प्रकार होता. थॉमस गेन्सबरोच्या ‘द मॉर्निंग वॉक’ (१७८५) या चित्रातले विल्यम हॅलेट आणि एलिझाबेथ स्टीफन त्याच वर्षी विवाहबद्ध झाले. रेशमी पोशाख, सोबत कुत्रा, मागे धूसर झाडी. पण चित्र त्या दोघांचे, रानाचे नव्हे.

पुढच्या शतकात कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने आपली जोडपी पाठमोरी केली. चंद्र न्याहाळणारे त्याचे स्त्री-पुरुष कोण, हा प्रश्नच उरत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणखी पुढे गेला. जून १८९० मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, ओव्हेर गावी त्याने पॉप्लरच्या राईतले जोडपे रंगवले. उंचीच्या दुप्पट रुंद असलेल्या या कॅनव्हासवर जांभळट खोडे रांगेने उभी आहेत, खाली फुललेले गवत आहे आणि मधोमध ते दोघे. त्यांना नाक-डोळे नाहीत, पायवाटही नाही. रंगांनीच सगळे सांगायचे, ही पुढे अभिव्यक्तिवाद्यांची झालेली रीत इथे जवळजवळ पूर्ण दिसते. १९०५ मध्ये ड्रेस्डेनच्या आर्नोल्ड गॅलरीत व्हॅन गॉगचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी तिथे स्थापन झालेल्या ‘ब्र्युक’ या अभिव्यक्तिवादी गटाच्या तरुण चित्रकारांवर त्याचा खोल परिणाम झाला.

फिरणाऱ्या जोडप्यांचा विषय सर्वांत जिव्हाळ्याने हाताळला मात्र म्युनिकच्या ‘ब्लाउअ राइटर’ गटाशी जोडलेल्या आउगुस्ट माकेने. १९१२ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने रोबेर दलोनेची चित्रे पाहिली. रंगांचे तुकडे शेजारीशेजारी ठेवून प्रकाश आणि हालचाल उभी करण्याची युक्ती त्याला तिथे गवसली. १९१३च्या शरदात तो पत्नी एलिझाबेथसह स्वित्झर्लंडमधील थून सरोवराकाठी, हिल्टरफिंगेनला राहायला गेला. तिथल्या सुमारे आठ महिन्यांत त्याने टोप्या घातलेले, सावकाश फिरणारे स्त्री-पुरुष पुन्हापुन्हा रंगवले. चेहरे बहुधा कोरेच. झाडांचा हिरवा, पाण्याचा निळा आणि पोशाखाचा लाल एकाच जोराने बोलतात. अभिव्यक्तिवाद म्हणजे चित्रकार मुंकच्या ‘द स्क्रीम’मधली किंकाळी, हा समज या प्रसन्न चित्रांपुढे टिकत नाही.

सप्टेंबर १९१४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, माके पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवर मारला गेला. युद्धानंतर ओटो डिक्सने ‘प्रागर श्ट्रासं’ (१९२०) मध्ये ड्रेस्डेनच्या रस्त्यावरचे अपंग सैनिक रंगवले, आणि त्यांना चेहरे दिले.