कोऱ्या यंत्राने विश्वास कोणावर ठेवायचा?

कोऱ्या डिस्कच्या संगणकावर माणसाचा हात न लागता ऑपरेटिंग सिस्टीम चढवण्याची सोय कडक बंदोबस्ताच्या नेटवर्कवर अडते, तेव्हा खापर नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या माथी फुटते. पण या सोयीचा इतिहास पाहिला तर दोष पहाऱ्यापेक्षा तिच्या पायाकडेच अधिक जातो. बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी हा प्रोटोकॉल मांडला, तो डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनांच्या काळात. सुरू होताच यंत्राने साऱ्या नेटवर्कला विचारायचे, ‘माझा पत्ता कोणता आणि कोणती फाइल उचलू?’ उत्तर देणारा खरा की तोतया, हे पडताळण्याची तरतूद त्यात नव्हती. फाइल येई टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक प्रोटोकॉलवरून : ५१२ बाइटचा एक तुकडा, त्याची पोच, मग पुढचा तुकडा. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. टीएफटीपीच्या १९९२ च्या दस्तऐवजात तर प्रवेशावर नियंत्रण नसल्याने सर्व्हरला अधिकार जपून द्यावेत, असे बजावलेच आहे. एका तारेवर जोडलेले सगळे आपलेच, हे प्रयोगशाळेपुरते खरे असलेले गृहीतक होते.

पुढे तेच गृहीतक कचेऱ्यांत शिरले. नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याची इंटेलची पीएक्सई २.१ ही पद्धत १९९९ मध्ये आली, ती बूटपीचा पुढचा अवतार असलेल्या डीएचसीपीवर आणि टीएफटीपीवरच उभी होती. सिस्टीम चढवताना डिस्कचे भाग कसे पाडायचे, कोणती पॅकेजे घ्यायची, रूटचा पासवर्ड काय, अशा प्रश्नांची तयार उत्तरे सनच्या जम्पस्टार्टमध्ये, रेड हॅटच्या किकस्टार्टमध्ये आणि डेबियनच्या प्रीसीडमध्ये आधीच लिहून ठेवता येऊ लागली. दरम्यान नेटवर्क मात्र अनोळखी लोकांचे झाले होते. म्हणून पहारे बसले. डीएचसीपी स्नूपिंग असलेला स्विच अविश्वासू पोर्टवरून आलेले डीएचसीपीचे उत्तर टाकून देतो. २००१ च्या ८०२.१एक्स या मानकाने ओळख पटल्याशिवाय पोर्टच उघडू नये असे ठरवले. पण कोऱ्या यंत्राजवळ दाखवायला प्रमाणपत्र कुठले? ते तर सिस्टीम चढल्यावर मिळणार. कधी कोणाच्या मनात नसतानाही अडचण होई. स्विचांमधला जुना स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधली वर्तुळे टाळणारा प्रोटोकॉल, नव्याने जोडलेला पोर्ट सुमारे ३० सेकंद बंद ठेवी आणि तेवढ्यात पीएक्सई हात टेकून ‘ई५१’ची, म्हणजे डीएचसीपीचे उत्तर न आल्याची, चूक दाखवी.

यावर एक आक्षेप हमखास येतो : बंदोबस्ताने सुरक्षा वाढली नाही, लोक पेन ड्राइव्हकडे वळले, म्हणजे ऑटोमेशनच हरले. हे अर्धेच खरे आहे. किकस्टार्टची फाइल फ्लॉपीवरूनही वाचता येत असे, प्रीसीडची फाइल इन्स्टॉलरच्या पोटातच भरता येते. ऑटोमेशनचा जीव त्या उत्तरांच्या फाइलीत होता; नेटवर्क केवळ तिची ने-आण करत होते. वाट बदलली तरी प्रश्नांना माणसाने बसून उत्तरे द्यायची वेळ परत आली नाही. दुसरा आक्षेप असा की मूळ रचनाकार भोळे होते. तोही टिकत नाही. छोट्या रॉममध्ये मावेल एवढेच त्यांना लिहायचे होते आणि त्यांचे जाळे खरोखर ओळखीचे होते. चूक झाली ती तीच रचना कचेऱ्यांत तशीच नेण्यात.

तिची दुरुस्ती झाली ती विश्वासाची जागा बदलून. २०१० पासूनच्या आयपीएक्सई या मुक्त बूट प्रोग्रॅमने एचटीटीपीएसवरून फाइल आणणे शक्य केले, २०१५ च्या यूईएफआय २.५ या फर्मवेअर मानकाने एचटीटीपी बूट फर्मवेअरमध्येच आणले, आणि सिक्युअर बूट फाइल कुठून आली यापेक्षा तिच्यावर सही कोणाची आहे, हे पाहू लागले. यालाही किंमत आहे. बहुतेक पीसींत आधीपासून मायक्रोसॉफ्टच्या चाव्या असतात, म्हणून लिनक्स वितरणांना आपला शिम हा छोटा पहिला बूटलोडर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो. तारेवरचा आंधळा विश्वास गेला, पण सहीचा अधिकार मोजक्या हातांत एकवटला. तरीही ही अवस्था आधीपेक्षा बरी, कारण सही तपासता येते, संस्थेला स्वतःच्या चाव्या बसवता येतात आणि कोणावर विश्वास ठेवला हे नोंदवले जाते. १९८५ च्या कोऱ्या यंत्राजवळ यांतले काहीच नव्हते.